तलावाच्या भिंतीवरचं घड्याळ

आपल्याकडे पट्टीचा पोहणारा कुणाला म्हणतात? पुराच्या पाण्यात या काठावरून त्या काठाला जाणाऱ्याला. विहिरीच्या काठावरून सूर मारून तळाची माती मुठीत घेऊन येणाऱ्याला. त्याला किती वेळ लागला हे कुणी विचारत नाही. तो वर आला, एवढंच पुरे असतं.

स्पर्धेतलं पोहणं हे निराळं प्रकरण आहे. तिथे धाडस गृहीत धरलेलं असतं आणि भांडण असतं ते सेकंदांशी. या भांडणाचा इतिहास आज सांगतो, कारण त्यातली एक गोष्ट आपल्या गावाला अजून लागू आहे.

सुरुवात 1896 ची. अथेन्सच्या पहिल्या ऑलिंपिकला तलावच नव्हता. पोहणाऱ्यांना बोटीतून समुद्रात नेऊन सोडलं आणि किनाऱ्याकडे पोहत या म्हणून सांगितलं. पाणी 13 अंशांच्या आसपास. हंगेरीच्या अठरा वर्षांच्या आल्फ्रेड हायोशने थंडीसाठी अंगाला चरबी फासली होती. 1200 मीटर त्याने 18 मिनिटं 22.2 सेकंदांत पार करून सुवर्ण जिंकलं. नंतर त्यानेच सांगितलं, की जिंकायच्या इच्छेपेक्षा जगायची इच्छा जास्त होती. त्याच्या वडिलांना तो तेरा वर्षांचा असताना डॅन्यूब नदीने गिळलं होतं, हे लक्षात घेतलं की त्या वाक्याचं वजन कळतं.

हायोशचा हिशेब केला तर दर 100 मीटरला सुमारे 92 सेकंद पडतात. 1922 मध्ये जॉनी वाइसम्यूलर (पुढे सिनेमात टारझन झाला तोच) 100 मीटर 58.6 सेकंदांत पोहला. मिनिटाच्या आत येणारा जगातला पहिला माणूस. आता 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकला या. अमेरिकेच्या बॉबी फिंकने 1500 मीटर 14 मिनिटं 30.67 सेकंदांत पार केले. म्हणजे दर 100 मीटरला सरासरी 58 सेकंद आणि थोडंसं. वाइसम्यूलरने एकदा केलं आणि जग थक्क झालं, ते हा माणूस न थांबता सलग पंधरा वेळा करतो!

हे झालं कसं? तलाव सुधारले, लाटा मोडणाऱ्या लेनच्या दोऱ्या आल्या, गॉगल आले, भिंतीपाशी कोलांटी मारून वळणं आलं. पोशाखांचंही एक वेड येऊन गेलं. 2009 च्या रोमच्या जागतिक स्पर्धेत एका आठवड्यात 43 विश्वविक्रम मोडले, आणि 2010 पासून त्या पोशाखांवर बंदी आली. हे सगळं खरं. पण लांब शर्यतींचं खरं कुलूप उघडलं ते साध्या किल्लीने. शक्ती खर्च कशी करायची, याच्या हिशेबाने.

पाणी हवेच्या सुमारे 800 पट दाट. त्यात वेग वाढवाल तसा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि लागणारी ताकद ढोबळमानाने घनाने. सोप्या भाषेत, वेग दहा टक्के वाढवायचा तर ताकद साधारण एक तृतीयांश जास्त लावावी लागते. म्हणून जो पहिल्या 50 मीटरला उसळतो आणि नंतर मंदावतो, त्याचा व्यवहार तोट्याचा. महागात विकत घेतलेला वेग तो पुढे स्वस्तात घालवतो. जो एकसारखा पोहतो तो तेवढ्याच दमात लवकर पोचतो. आपल्या आज्या हातचं राखून घर चालवायच्या, तेच हे शास्त्र.

हे शास्त्र तलावाच्या काठावर आणणाऱ्यांत एक मोठं नाव म्हणजे ऑस्ट्रेलियाचे फोर्ब्स कार्लाइल. सिडनी विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्र शिकवणारे हे गृहस्थ पोहण्याचे प्रशिक्षक झाले. पोहणाऱ्यांच्या नाडीचे ठोके मोजायचे, रोजच्या सरावाची वही ठेवायला लावायची, एकसारख्या गतीने पोहायला शिकवायचं, ही त्यांची पद्धत. आणि तलावाच्या काठावर ‘पेस क्लॉक’ आणण्याचं श्रेयही त्यांना दिलं जातं.

पेस क्लॉक म्हणजे काही जादू नाही. मोठी तबकडी, 60 पर्यंतचे ठळक आकडे आणि सतत फिरणारा सेकंदकाटा, पाण्यातून डोकं वर काढलं की दिसेल असा. समजा, दर दोन मिनिटांनी एक याप्रमाणे 100 मीटर दहा वेळा पोहायचे आहेत. पहिले 100 मीटर पोरगा 1 मिनिट 20 सेकंदांत मारतो आणि दहावे 1 मिनिट 45 मध्ये कसेबसे ओढतो. घड्याळ त्याला तोंडावर सांगतं, बाबा रे, तू सुरुवातीला उधळलास. महिनाभराने तोच पोरगा दहाच्या दहा वेळा दीड मिनिटात भिंतीला हात लावायला शिकतो. मग वेग त्याच्या अंगात बसतो, आणि घड्याळ न बघताही त्याला कळतं आपण किती जोरात चाललोय.

दुसरा फायदा त्याहून मोठा. प्रशिक्षकाच्या हातातलं स्टॉपवॉच एका वेळी एकाची वेळ सांगतं. भिंतीवरचं घड्याळ चाळीस पोरांना ज्याची त्याची वेळ सांगतं.

कार्लाइल यांची शिष्या शेन गूल्ड. डिसेंबर 1971 मध्ये तिने 1500 मीटरचा विश्वविक्रम केला, 17 मिनिटं 0.6 सेकंद. पुढच्याच महिन्यात 100 मीटरचा, 58.5 सेकंद. त्या वेळी 100 पासून 1500 मीटरपर्यंत महिलांच्या फ्रीस्टाइलचा प्रत्येक विश्वविक्रम एकाच मुलीच्या नावावर होता, आणि वय होतं पंधरा वर्षं. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकला तिने वैयक्तिक तीन सुवर्णपदकं घेतली, तिन्ही विश्वविक्रमासह.

घड्याळावर विश्वास ठेवायला जगालाही वेळच लागला. 1960 च्या रोम ऑलिंपिकला 100 मीटरमध्ये अमेरिकेच्या लान्स लार्सनची वेळ तीन घड्याळांनी 55.0, 55.1 आणि 55.1 दाखवली. ऑस्ट्रेलियाच्या जॉन डेविटची तिन्ही घड्याळांवर 55.2. तरी सुवर्ण मिळालं डेविटला! कारण डोळ्यांनी बघणाऱ्या पंचांत दुमत झालं आणि मुख्य पंचाने कौल डेविटच्या बाजूने दिला. 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये भिंतीवर टचपॅड आले, म्हणजे पोहणाऱ्याचा हातच घड्याळ थांबवू लागला. 1972 ला तर 400 मीटर मेडलेचं सुवर्ण 0.002 सेकंदाने ठरलं. इतका सूक्ष्म फरक मानायचा तर तलावाची प्रत्येक लेन तेवढीच अचूक बांधावी लागेल. म्हणून पुढे शंभराव्या भागावर थांबायचं ठरलं.

हा शंभरावा भाग काय असतो ते आपल्या मातीला चांगलं ठाऊक आहे. कोल्हापूरचा वीरधवल खाडे. वयाच्या सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिंपिक. 2010 च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत 50 मीटर बटरफ्लायचं कांस्य, आणि आशियाई जलतरणात भारताला पदक मिळालं ते 24 वर्षांनी. मग तहसीलदाराची नोकरी. तरी तो पाण्यात परतला आणि 2018 ला जकार्तामध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल 22.47 सेकंदांत पोहला. तिसऱ्याची वेळ 22.46. त्या वेगात शंभरावा भाग म्हणजे सव्वादोन सेंटिमीटर. तेवढ्याने कांस्य गेलं. 50 मीटरमध्ये हातचं राखायला जागाच नसते, हे कबूल. पण असा शंभरावा भाग शर्यतीच्या दिवशी सापडत नाही. तो रोजच्या सरावात, मोजून, एकेक करून जमवावा लागतो.

आता घराकडे येऊ. वीस-बावीस वर्षं मी शालेय जलतरण स्पर्धांच्या बातम्या करतोय. 200 मीटरची शर्यत दरवर्षी तशीच होते. पहिल्या 50 ला शिट्ट्या, टाळ्या, ‘मार, मार!’ तिसऱ्या 50 ला आपला पोरगा पाठीवर धोंडा बांधल्यासारखा दिसायला लागतो आणि शहरातली पोरं शांतपणे पुढे निघून जातात. मग आपण म्हणतो, ‘आपल्या पोरांत दम नाही.’ दम आहे हो. नदी पोहून जाणाऱ्यांची नातवंडं आहेत ती! त्यांना दमाचा हिशेब कुणी शिकवला नाही, आणि सरावात दिसायला समोर घड्याळ नाही.

आमच्या भागातले काही सार्वजनिक तलाव मी पाहिलेत. नावं घेत नाही. दर्शनी भिंतीवर उद्घाटनाची संगमरवरी कोनशिला हमखास असते, मान्यवरांच्या नावांनी भरलेली. सेकंदकाटा असलेलं घड्याळ नसतं. ऑलिंपिक दर्जाच्या तलावाची घोषणा सगळ्यांना आवडते. भिंतीवरच्या घड्याळाची फीत कापता येत नाही, म्हणून ते राहून जातं.

म्हणून मागणी छोटी आहे. प्रत्येक सार्वजनिक तलावावर, पाण्यातून दिसेल असं एक मोठं सेकंदकाट्याचं घड्याळ. प्रत्येक पोराची एक वही, तारीख आणि वेळ लिहायला. यासाठी ना वेगळा निधी लागतो, ना मंत्रालयाची फेरी. तुमच्या गावच्या तलावावर घड्याळ आहे का, आणि असलं तर चालू आहे का, एवढं बघून खाली लिहा. यादी झाली की ती घेऊन आपण निवेदन द्यायला जाऊ. ज्यांना यायचंय त्यांनी तसंही कळवा.