मधमाशीचा दंश : सूज आणि धोका

मधमाशी चावत नाही, नांगी मारते. कामकरी माशीच्या नांगीला उलटे काटे असल्याने ती माणसाच्या कातडीत रुतते आणि विषाच्या पिशवीसह तुटते. माशी मरते, पिशवी मात्र काही काळ विष ढकलीत राहते. म्हणूनच नांगी तत्काळ काढणे महत्त्वाचे. ती नखाने काढावी की चिमट्याने, या वादात वेळ दवडण्यात अर्थ नाही.

या विषाच्या कोरड्या वजनापैकी सुमारे निम्मा भाग मेलिटिन या द्रव्याचा असतो. ते पेशींची आवरणे फोडते. दंशाची आग मुख्यतः त्याचीच. कातडीतील ‘मास्ट’ पेशी हिस्टामिन सोडतात, सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव झिरपतो आणि गांधी उठते. काहींच्या बाबतीत ही सूज दोन दिवस वाढतच जाते. जंतुसंसर्ग समजून अशा वेळी प्रतिजैविके घेतली जातात. बहुधा त्यांची गरज नसते.

खरा धोका ओळखायचा तो सुजेच्या आकारावरून नव्हे, तर लक्षणे दंशाच्या जागेपासून दूर उमटतात का, यावरून. आधीच्या एखाद्या दंशानंतर काहींच्या शरीरात विषातील प्रथिनांविरुद्ध ‘आयजीई’ प्रतिद्रव्ये तयार होऊन मास्ट पेशींना चिकटून बसतात. पुढील दंशाला या पेशी सर्वांगात एकदम हिस्टामिन सोडतात. अंगभर गांधी, ओठ व जीभ सुजणे, धाप लागणे, रक्तदाब कोसळणे, हे सारे काही मिनिटांत घडू शकते. यालाच ‘ॲनाफिलॅक्सिस’ म्हणतात. हे नाव १९०२ मध्ये शार्ल रिशे व पॉल पोर्तिए या फ्रेंच संशोधकांनी दिले. रिशे यांना १९१३ चे नोबेल मिळाले. यावरील पहिला उपचार म्हणजे मांडीच्या स्नायूत ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन. ॲलर्जीची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. चुना लावणे किंवा लोखंड घासणे तर दूरच.

आग्या मोहोळाची गोष्ट निराळी. कड्याकपारीत, उंच झाडांवर, शहरांत इमारतींच्या सज्जांखाली लटकणारी ही पोळी उठली, की ॲलर्जी नसलेल्या माणसालाही शेकडो दंशांचे विष बाधते. स्नायू व रक्तपेशी फुटून त्यातील द्रव्ये मूत्रपिंडात साचतात. असा रुग्ण वरकरणी बरा दिसला, तरी त्याला रुग्णालयात देखरेखीखाली ठेवावे लागते. दंशाबरोबर पिकलेल्या केळ्यासारखा एक गंध पसरतो. तो इतर माश्यांना हल्ल्याची सूचना देतो. हात झटकीत तिथेच थांबणाऱ्याला त्यामुळे अधिक दंश होतात.