‘पोटासाठी बाटले’ या आरोपाला उत्तर

बीदरहून औरादच्या रस्त्याला लागले की जनवाडा येते. या सीमाभागात, पलीकडे कलबुर्गीपर्यंत, मेथॉडिस्ट मंडळ्या पसरलेल्या आहेत. त्यांतले बहुतेक लोक मादिग समाजातले, रोजंदारीवर राबणारे. डिसेंबरात रानात तूर शेंगांनी लगडलेली असते आणि उपासनेत नाताळाआधीच्या आगमनकाळाचे रविवार चालू असतात. या लोकांच्या श्रद्धेविषयी शिकल्यासवरल्यांचे एक मत ठरून गेले आहे: ते पोटासाठी बाटले; त्यांची आशा म्हणजे भाकरीची आशा, तिला धर्म म्हणू नये. शहरी ख्रिस्ती माणसेही हे मत दबक्या आवाजात बोलून दाखवतात, आणि त्याचे मला अधिक दुःख होते.

या मताचे सर्वांत वजनदार रूप गांधीजींच्या बोलण्यात आढळते. १९३६ साली सेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, अमेरिकन ख्रिस्ती नेते जॉन मॉट त्यांना भेटले. तुम्ही गायीला शुभवर्तमान सांगाल का, असे गांधीजींनी त्यांना विचारले. काही अस्पृश्यांना धर्माधर्मांतले तारतम्य गायीइतकेही कळत नाही, असा त्यांचा आशय होता. त्याच वर्षी डिसेंबरच्या ‘हरिजन’मध्ये हे छापून आले. उपमा तुच्छतेने दिली नव्हती, हा त्यांचा नंतरचा खुलासा मी खरा मानतो. माझी हरकत तिच्यामागच्या गृहीतावर आहे: ज्याला तुलना करता येत नाही, त्याला निवड करता येत नाही.

मादिग माणूस कातडे कमावत असे आणि त्याची मोट शिवत असे. टाके घट्ट बसले नाहीत तर अर्धे पाणी वर येईपर्यंतच गळून जाई, म्हणून त्याच्या हाताला मोल होते. त्या मोटेचे पाणी साऱ्या मळ्याला मिळे. शिवणाऱ्याला मात्र गावच्या पाणवठ्याला शिवण्याची बंदी. या माणसाला दोन व्यवस्थांतला फरक कळत नव्हता, असे म्हणवते तरी कसे?

आता धान्याचा मुद्दा. याच मादिग समाजाचे मोठे धर्मांतर तेलुगू मुलखात, ओंगोलला झाले. तिथे पहिली हाक घातली ती कातड्याचा व्यापार करणाऱ्या येर्रगुंटला पेरय्या या मादिग माणसाने. त्याचा बाप्तिस्मा १८६६ सालचा. पुढे १८७६–७८चा दुष्काळ पडला. मिशनरी जॉन क्लफ यांनी बकिंगहॅम कालव्याच्या खोदाईचा एक तुकडा ठेक्याने घेऊन लोकांना मजुरी मिळवून दिली, पण मदत चालू असताना बाप्तिस्मे बंद ठेवले. आता देण्यासारखे काही उरले नाही, असे सांगितल्यावरही लोक हटले नाहीत. ३ जुलै १८७८ या एका दिवशी २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. धान्यासाठी आलेला माणूस कोठार रिकामे झाल्यावर दाराशी बसत नाही. पुढे काहीतरी मिळेल या आशेने काही जण आले असतील, हे मी नाकारत नाही. मेथॉडिस्ट वास्कम पिकेट यांनी १९३३च्या आपल्या अभ्यासात दाखवले, की पहिला हेतू कोणता होता यावरून पुढची श्रद्धा ठरत नाही. पिकेट स्वतः मिशनरी होते, तेव्हा त्यांची साक्ष जपूनच घ्यावी. पण ओंगोलचा क्रम त्यांच्यावर अवलंबून नाही.

आणि भाकरीची आशा हलकी, हे ठरवले कुणी? आगमनकाळात मरियेचे गीत वाचतात. भुकेल्यांना उत्तम पदार्थांनी तृप्त केले, सत्ताधीशांना आसनावरून खाली ओढले, हाच त्याचा गाभा आहे. लूकने त्याआधी जखऱ्याची हकिकत मुद्दाम ठेवली आहे. तो याजक, शास्त्र जाणणारा, मंदिरात धूप जाळत असलेला. देवदूत समोर उभा असूनही त्याचा विश्वास बसत नाही, आणि त्याची वाचा जाते. नासरेथसारख्या आडगावातली मुलगी मरिया मात्र ‘होय’ म्हणते. तारतम्याची परीक्षा घेतली असती तर जखऱ्या पहिला आला असता. मेंढपाळांना तर गव्हाणीची खूण दिली. ती पटायला गोठा ठाऊक असलेलाच माणूस लागतो.

लाभासाठी आलेला माणूस तोटा सुरू होताच निघून जातो. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ला शीख आणि १९९०ला बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. तरी मंडळ्या उभ्या आहेत. काही जण कागदावर एक आणि चर्चमध्ये दुसरे असतात, हे खरे आहे. पण पोराची शिष्यवृत्ती आणि स्वतःचे नाव यांत एकच निवडायला लावणाऱ्या कायद्याचा दोष त्या बापाच्या माथी मारता येणार नाही.

खोडता न येणारी हरकत बाबासाहेब आंबेडकरांची आहे. धर्म बदलला तरी जात सुटली नाही, आणि ख्रिस्ती समाज अन्यायाविरुद्ध उठला नाही, असे त्यांनी लिहिले. हा आरोप आशा धरणाऱ्यांवर नसून ती सांभाळायला ज्यांच्या हाती दिली त्यांच्यावर आहे. आगमनकाळातच वाचला जाणारा बाप्तिस्मा करणारा योहान लोकांना नेमके सांगतो: दोन अंगरखे असतील त्याने एक द्यावा, जकातदाराने ठरल्याहून जास्त घेऊ नये, शिपायाने कुणाला नाडू नये. डिसेंबरात सीमाभागातली माणसे उचल घेऊन ऊसतोडीला जातात. त्या उचलीच्या हिशेबावर पाळकाने याच रविवारी बोलले पाहिजे, आणि मुकादमही समोरच्या सतरंजीवर बसलेला असला तर अधिक स्पष्ट बोलले पाहिजे.