विजापूरची तंबाखू आणि आमच्या घरची डबी

पोलादपूर मागे पडून एस.टी. कशेडीचा घाट चढू लागली की आमचे नाना खिशातून पत्र्याची चपटी डबी काढीत. गाडीत ओढता येत नसे. झाकण उघडून नुसता वास घेत आणि डबी पुन्हा आत ठेवीत. घाट संपेपर्यंत हे तीन-चार वेळा व्हायचे. नाना खलाशी होते. कोकणातल्या मुसलमान घरांतून पिढ्यान्‌पिढ्या पुरुष आगबोटींवर गेले, त्यांपैकीच एक. बंदराबंदरांतून त्यांनी पैसा फारसा आणला नाही, पण पाइपचा शौक तेवढा आणला.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवतो. बरीच वर्षे आमचीही समजूत अशी होती की, तंबाखूची चव घेणे, तिची पारख करणे हे साहेबाचे काम आणि नाना ते त्याच्याकडूनच शिकले. ही समजूत अर्धवट होती. मुघल काळ शिकवता शिकवता असद बेग कझवीनीची हकिकत वाचनात आली आणि धागा थेट आपल्या मुलखाशी जुळला.

हा असद बेग अकबराचा मनसबदार. शाहजादा दानियालचा विवाह दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या मुलीशी ठरला होता. त्या कामासाठी तो विजापूरला गेला आणि तिथे त्याने पहिल्यांदा तंबाखू पाहिली. पोर्तुगिजांनी अमेरिकेतून आणलेले हे पान तोवर दख्खनेत रुळले होते. आपला हा मुलूख तेव्हा आदिलशाहीत होता. जावळीचे मोरेही आदिलशहाचेच सरदार, 1656 मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेईपर्यंत. म्हणजे आग्र्याच्या दरबाराला जे नवल वाटले, ते आपल्या सुलतानाच्या राजधानीत आधीच येऊन बसले होते.

असद बेगने 1604 च्या सुमारास हे नवल बादशहापुढे कसे मांडले, ते वाचण्याजोगे आहे. तीन हात लांबीची नळी, तीही सुमात्रातल्या आचे बंदराकडची. तिच्या दोन्ही टोकांना जडावाचे आणि मिन्याचे काम. तोंडाशी येमेनी अकीकाचा लंबगोल तुकडा, पेटवण्यासाठी सोन्याचे भांडे, नळी ठेवायला मखमल चढवलेली चांदीची नळकांडी आणि हे सारे चांदीच्या तबकात. अकबराने विचारले, हे काय? खान-ए-आझम म्हणाला की ही तंबाखू, मक्का-मदिनेत सर्वांना ठाऊक आहे, औषध म्हणून आणली आहे. बादशहाने दोन-तीन झुरके घेतले. हकीम अस्वस्थ झाला, त्याने पुढे ओढू दिले नाही. आपल्या ग्रंथांत जिचा उल्लेख नाही अशी वस्तू बादशहाला कशी द्यावी, हा त्याचा प्रश्न. असद बेगचे उत्तर असे की, जगातला प्रत्येक रिवाज कधीतरी नवाच होता. अकबराला हा युक्तिवाद आवडला. मात्र त्याने स्वतः सवय लावून घेतली नाही. उमरावांनी लावली.

हुक्का हकीम अबुल फतह गिलानी यांनी शोधून काढला, असे आपल्याकडे छातीठोकपणे सांगतात. पण हकीमसाहेब 1589 मध्येच वारले आणि तंबाखू दरबारात आली त्यानंतर सुमारे पंधरा वर्षांनी. हे गणित जुळवून दाखवणारा आम्हांला अजून भेटलेला नाही.

पुढे 1617 मध्ये जहांगीरने तंबाखूबंदीचा हुकूम काढला. तिकडे इराणात शाह अब्बासनेही मनाई केली होती. जहांगीरचा वकील म्हणून इराणला गेलेला खान आलम मात्र हुक्क्याशिवाय राहू शकत नव्हता, म्हणून शहाने त्याच्यापुरती सूट दिली! हुकूम कागदावर राहिला. तंबाखूत गूळ, फळे आणि मसाले मुरवून खमिरा होऊ लागला. धूर पाण्यातून गार करून घेण्याची नजाकत आली.

नानांची नजाकत निराळी होती. पाइप भरताना तळाशी तंबाखू सैल, वर थोडी दाबून. एकदा पेटवून वरचा थर फुगला की तो हलकेच बसवायचा आणि दुसऱ्यांदा पेटवायचे. घाई केली की जीभ पोळते. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडातच घोळवायचा. व्हर्जिनिया गोडसर, लाटाकिया धुरकट. हे लाटाकिया म्हणजे सीरियाचे लाजिकिया बंदर, हे नानांनीच सांगितले. तिथले पान लाकडाच्या धुरावर धरीत. चिरूटही ते ओळखत. हा शब्द तमिळ ‘सुरुट्टू’वरून आलेला आणि दिंडिगल-त्रिचनापल्लीचे चिरूट विलायतेपर्यंत जात.

आता नानींबद्दल लिहायला हवे. पाइपची पारख करणाऱ्या नानांच्याच घरात नानी चुलीवर तव्यात तंबाखू काळी होईस्तोवर भाजीत. मशेरी. तिचा खाट सगळ्या वाडीभर जाई, पोरे खोकत बाहेर पळत. सकाळी बोटाने दातांना, दुपारी पुन्हा, रात्री निजताना पुन्हा. नानींनाही चव कळत होती; कुठली तंबाखू कडक, कुठली भाजल्यावर चांगली उतरते, हे त्या बोटावर घेऊन सांगत. पण त्याला कुणी शौक म्हटले नाही. बाईची सवय म्हटले. तोंडातली गाठ दाखवायला त्यांना कुणी मुंबईला नेले, तेव्हा उशीर झाला होता. नाना त्यांच्यामागे सहा वर्षे जगले. नानींनंतर त्यांनी पाइप ओढला की नाही, आम्ही विचारले नाही.

2023 मध्ये कशेडीच्या बोगद्यातून वाहने जाऊ लागली आणि डबी उघडायची ती वळणे बाजूला पडली. डबी आमच्याकडे आहे, वास अजून गेलेला नाही.

गेल्या वर्षी सातवीच्या वर्गात जहांगीरच्या हुकमाची गोष्ट सांगितली. तास संपल्यावर एक मुलगा थांबला. म्हणाला, सर, बादशहाचे कुणी ऐकले नाही, तर अम्मी माझे कशी ऐकेल? ती मशेरी लावते, आणि गालाला आतून पांढरा चट्टा आलाय, जेवताना झोंबतो. आम्ही त्याच दिवशी त्याच्या अब्बांना बोलावून घेतले. सोमवारी पहिल्या गाडीने तिघे महाडच्या दवाखान्यात गेले.