५३-एन नंबरची बाटली: चूक माणसाची की व्यवस्थेची?

माझी मावशी सरकारी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. आमच्या डिलाईल रोडच्या घरी आली की तिचं एक गाऱ्हाणं ठरलेलं. "कॉम्प्युटर बंद पडला तर पेशंट आमच्यावर ओरडणार, चालू असला तर एंट्री राहिली म्हणून साहेब ओरडणार. मशीनला कोणी काही बोलत नाही गं."

आरोग्यसेवेतल्या तंत्रज्ञानावरचे पेपर वाचायला लागले तेव्हा लक्षात आलं, की मावशी जे म्हणते त्यावर जगभर संशोधन चालू आहे. पण त्याची एक जुनी गोष्ट आपल्या अगदी शेजारची आहे. संशोधनाचा विषय शोधत असाल तर ती जरूर वाचा.

डिलाईल रोडवरून करी रोडचा पूल ओलांडून परळला गेलात की केईएम, वाडिया, टाटा अशी हॉस्पिटलं लागतात. तिथेच हाफकिन इन्स्टिट्यूट आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली.

पुढे पंजाबात प्लेग पसरला. तिथल्या सरकारला लस भरपूर हवी होती, आणि लवकर हवी होती. हाफकिन यांनी उत्पादनाची पद्धत बदलली. लशीत कार्बोलिक ॲसिड घालणं सोडून उष्णतेने निर्जंतुक करण्यावर भर दिला. आजच्या भाषेत सांगायचं तर प्रोसेस अपग्रेड केली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावात (आज पाकिस्तानात) १०७ जणांना लस टोचली. त्यातले १९ जण पुढे धनुर्वाताने दगावले. हे सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते. बाटलीचा नंबर ५३-एन.

चौकशी आयोग बसला. मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेन्किन्स त्याचे प्रमुख होते. बाटली उघडण्याआधीच दूषित झाली होती, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे चूक परळची! कार्बोलिक ॲसिड वगळल्याचा ठपका हाफकिन यांच्यावर आला. त्यांना कामावरून दूर केलं गेलं आणि ते इंग्लंडला गेले.

मात्र साक्षीपुराव्यात एक साधी गोष्ट होती. बाटली उघडताना वापरायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. शिवाय धनुर्वाताचे जंतू परळहूनच बाटलीत आले असते, तर इतक्या दिवसांत ते वाढून उघडताना घाण वास आला असता. तसा वास कोणाला आला नव्हता. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मधून हाफकिन यांची बाजू मांडली. त्याच वर्षी ते निर्दोष ठरले. भारतात परतले, पण परळला नाही, कलकत्त्याला. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचं नाव दिलं गेलं.

बहुतेक ठिकाणी गोष्ट इथे संपते. शास्त्रज्ञ सुटला, सत्य जिंकलं. मीही आधी तशीच वाचली होती. दुसऱ्यांदा वाचताना खटकलं. खापर हाफकिन यांच्या डोक्यावरून उतरलं खरं, पण फुटलं कोणाच्या डोक्यावर? त्या मदतनिसाच्या. चिमटा पडला, एवढंच आपण लक्षात ठेवतो. एका दिवसात १०७ जणांना टोचायचं, तेही गावात, तिथे हातातून चिमटा पडणं ही काय नवलाची गोष्ट? मग एका बाटलीतून इतक्या जणांना लस देण्याची रचना अशी का होती, की एक चिमटा पडला की १९ माणसं जावीत? हा प्रश्न मागेच राहतो.

आता अलीकडच्या संशोधनाकडे या. २००० साली जेम्स रीझन यांनी चुकीकडे पाहण्याच्या दोन पद्धती वेगळ्या केल्या: माणसाला धरणारी आणि व्यवस्थेला तपासणारी. त्याच वर्षी अल्बर्ट वू यांनी चुकीच्या ओझ्याखाली खचणाऱ्या डॉक्टरला 'दुसरा बळी' म्हटलं. २०१६ मध्ये सिन्स्की आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ५७ डॉक्टरांचं काम घड्याळ लावून पाहिलं. रुग्णासोबतच्या प्रत्येक तासामागे जवळपास दोन तास संगणकावरच्या नोंदींत आणि टेबलावरच्या कामात जात होते. २०१९ मध्ये मॅडलिन एलिश यांनी आणखी नेमकं लिहिलं: गाडीचा पुढचा भाग चेपून आतल्या माणसाला वाचवतो, तसं गुंतागुंतीच्या यंत्रणेत शेवटचा माणूस चेपला जातो आणि यंत्रणा वाचते. मावशीचं वाक्य पुन्हा वाचा.

आज हॉस्पिटलांत एआय येतंय. एक्स-रे वाचणारं, डॉक्टर-रुग्णाचं बोलणं ऐकून नोंदी लिहिणारं. यावर काम करणार असाल तर 'अचूकता किती टक्के' एवढंच मोजून थांबू नका. आणखी तीन प्रश्न वहीत लिहून ठेवा. यंत्र चुकलं तर ते सर्वांत आधी कोणाच्या लक्षात येईल? ते तपासायला त्या माणसाला वेळ दिलाय का? आणि चूक त्याने मोकळेपणाने सांगितली तर त्याचं काय होईल?

तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. चिमटा पडल्याचं साक्षीत आलं म्हणून तर हाफकिन सुटले. ते कोणी लपवलं असतं, तर आज आपल्यालाही काही कळलं नसतं. ज्या हॉस्पिटलात चूक सांगायची भीती वाटते, तिथला डेटा कितीही मोठा असला तरी अर्धाच खरा असणार. आणि आपला थिसिस त्याच डेटावर उभा राहणार आहे.