सेट (इंग्रजी क्रियापद)

सेट हे इंग्रजी भाषेतील नित्य वापरातील एक क्रियापद असून 'एखादी वस्तू तिच्या ठरलेल्या जागी वा स्थितीत बसविणे' हा त्याचा मूळ अर्थ होय. अर्थच्छटांच्या संख्येसाठी हे क्रियापद कोशकारांमध्ये प्रसिद्ध आहे. ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत दीर्घ नोंद याच क्रियापदाची होती. तीत सुमारे ४३० अर्थ नोंदविले असून नोंदीचा विस्तार सुमारे ६०,००० शब्दांचा होता. पुढे तिसऱ्या आवृत्तीच्या कामात 'रन' या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदले गेल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले आणि हा मान 'रन'कडे गेला.

व्युत्पत्ती

प्राचीन इंग्रजीतील 'सेट्टन' या धातूपासून हे क्रियापद आले. 'सिट' म्हणजे बसणे, या क्रियापदाचे ते प्रयोजक रूप होय. 'बसणे' व 'बसविणे' यांचे मराठीत जे नाते आहे, तेच इंग्रजीत 'सिट' व 'सेट' यांचे आहे. जर्मनमधील 'झेत्सेन' व डच भाषेतील 'झेटन' ही त्याची भावंडे. संस्कृतातील सद् धातू (सीदति) आणि त्याचे प्रयोजक रूप 'सादयति' हेही याच कुळातील आहेत. इंडो-युरोपीय 'द'च्या जागी जर्मानिक भाषांत 'ट' येतो (दश व टेन, द्वि व टू), या नियमाने सद् आणि सेट यांचा संबंध उलगडतो. संसद, परिषद, उपनिषद हे मराठीत रूढ असलेले शब्द सद् धातूचेच आहेत. मराठी 'बसणे', जुन्या मराठीतील 'बैसणे', हे मात्र उप-विश् पासून आलेले असल्याने त्याचे 'सेट'शी साम्य अर्थापुरते आहे, कुळाचे नाही.

रूपे

पुट, कट, हिट, शट यांप्रमाणे 'सेट'चे वर्तमान, भूत व भूतकाळवाचक धातुसाधित ही तिन्ही रूपे एकच आहेत. प्राचीन इंग्रजीत भूतकाळाचे रूप 'सेट्टे' असे वेगळे होते. अंत्य स्वर झिजल्यावर भेद उरला नाही. त्यामुळे 'दे सेट द टेबल' या वाक्याचा काळ केवळ संदर्भावरूनच कळतो. 'सिट–सॅट–सॅट' आणि 'सेट–सेट–सेट' यांची गल्लत विद्यार्थ्यांकडून हमखास होते. इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांच्या बोलींतही 'सिट'ऐवजी 'सेट' ऐकू येते. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसते, तेथे तर दोन्ही क्रियापदे चालतात.

अर्थ व मराठी प्रतिशब्द

या क्रियापदाला मराठीत एकच प्रतिशब्द देता येत नाही, कारण कर्म बदलले की मराठी क्रियापद बदलते. घड्याळ, गजर आणि सापळा लावतात; आगही लावतात आणि गीताला चालही लावतात. ताटे मांडतात, प्रश्नपत्रिका काढतात, तारीख ठरवितात, छापखान्यातील जुळारी खिळे जुळवितो. मोडलेले हाड बसवितात आणि अंगठीत खडाही बसवितात. मूळ अर्थ येथे जसाच्या तसा टिकून आहे. उदाहरण घालून देतात आणि कैद्याला मुक्त करतात.

अकर्मक प्रयोगात सूर्य मावळतो, सिमेंट घट्ट होते, दही लागते. यातले शेवटचे उदाहरण विशेष लक्षणीय आहे, कारण सकर्मक अर्थी 'लावणे' आणि अकर्मक अर्थी 'लागणे' ही मराठीची जोडी 'सेट'च्या दोन्ही प्रयोगांना पुरून उरते. आंबट खाल्ल्याने वा कर्कश आवाजाने दात शिवशिवतात, त्यासाठी इंग्रजीत 'दात धारेवर सेट होणे' अशा अर्थाचा वाक्प्रचार आहे. मराठीत यांपैकी पहिल्या अनुभवाला 'दात आंबणे' हा नेमका शब्द आहे.

इंग्रजीतील समानार्थी क्रियापदांत 'पुट' हे सर्वसामान्य ठेवण्यासाठी, 'प्लेस' हे जपून ठेवण्यासाठी, 'ले' हे आडवे ठेवण्यासाठी, तर 'फिक्स' हे पक्के करण्यासाठी वापरतात. ठेवलेली वस्तू ठरलेल्या स्थितीत आहे, ही छटा 'सेट'मध्ये विशेष असते.

शब्दयोगी अव्ययांसह प्रयोग

'सेट अप' म्हणजे उभारणे, 'सेट आउट' म्हणजे निघणे किंवा क्रमाने मांडणे, आणि 'सेट इन' म्हणजे पावसाळा, थंडी वा आजार यांनी ठाण मांडणे.

भाषांतरात खरी अडचण येते ती 'सेट असाइड' व 'सेट ऑफ' यांची. व्यवहारात 'सेट असाइड' म्हणजे बाजूला काढून ठेवणे, उदाहरणार्थ मुलीच्या शिक्षणासाठी पैसे. न्यायालयाच्या भाषेत मात्र त्याचा अर्थ रद्द करणे असा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९, नियम १३ मध्ये एकतर्फी हुकूमनामा रद्द करविण्याची जी तरतूद आहे, तीत हाच शब्दप्रयोग आहे. 'हुकूमनामा बाजूला ठेवला' असे शब्दशः भाषांतर केल्यास तो अद्याप जिवंत असून केवळ लांबणीवर पडला, असा पक्षकाराचा समज होईल. निकाल राखून ठेवणे ही तर आणखी वेगळीच गोष्ट आहे.

'सेट ऑफ'चे निघणे, फटाका उडविणे, रंग खुलविणे असे अनेक अर्थ आहेत. कायद्यात व हिशेबात तो 'वजावट' या अर्थी येतो. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम ४२८ अन्वये (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४६८) तपास, चौकशी वा खटला चालू असताना आरोपीने कोठडीत काढलेले दिवस त्याच खटल्यातील कारावासाच्या शिक्षेतून वजा होतात. तीन वर्षांची शिक्षा झालेल्या आरोपीने त्यापूर्वी १४ महिने कोठडीत काढले असतील, तर त्याला २२ महिनेच भोगावयाचे उरतात. येथे 'भरपाई' हा शब्द योजल्यास पैशाचा बोध होतो आणि मूळ मुद्दा हरवतो. 'वजा करणे' हाच सरळ व निर्दोष शब्द आहे.

मराठीतील वापर

मराठी बोलण्यात 'सेट' हे क्रियापद म्हणून एकटे येत नाही. 'करणे' वा 'होणे' यांच्या जोडीने येते. केस सेट करतात, मोबाइलची रिंगटोन सेट करतात. 'मुलगा पुण्यात सेट झाला' या वाक्यात स्थिरस्थावर होण्याचा अर्थ आहे. इंग्रजीत तेथे 'सेटल' हे वेगळे क्रियापद लागते. द्राक्ष व डाळिंब बागायतदार फळधारणेला 'सेटिंग' म्हणतात आणि तो इंग्रजीतील शेतीविषयक अर्थाला धरूनच आहे. 'सेटिंग लावणे' म्हणजे आतून संधान बांधणे, हा अर्थ मात्र भारतीय बोलींनी घडविलेला असून इंग्लंडमधील वाचकाला तो सहसा उमगणार नाही.

नाटक-चित्रपटातील 'सेट' हे नाम याच क्रियापदापासून बनले आहे. भांड्यांचा वा पुस्तकांचा 'सेट', ज्याला मराठीत 'संच' म्हणतात, तो मुळात जुन्या फ्रेंचमधून आलेला निराळा शब्द असून क्रियापदाच्या सहवासाने त्याचा अर्थ नंतर घडत गेला. प्राध्यापकपदासाठीची 'सेट' परीक्षा हे तर केवळ आद्याक्षरांचे रूप असून तिचा या क्रियापदाशी संबंध नाही.