मूठभर पीठ आणि दोन हजार रथ

श्रोतेहो, दुष्काळात राजा काय शोधतो आणि गरीब काय देतो, एवढ्यावरून राज्याची पारख करावी असे आम्हांस वाटते. ज्यू धर्मग्रंथातील ‘राजे’ या पुस्तकात ही पारख करून ठेवलेली आहे.

काळ इसवी सनापूर्वी नवव्या शतकाचा. उत्तरेकडील इस्राएल राज्यावर अहाब राज्य करीत होता. हा राजा केवळ कथेतला नव्हे. असिरियाच्या तिसऱ्या शल्मनेसराने कोरविलेल्या लेखात, इ. स. पूर्व ८५३ मधील करकरच्या लढाईत अहाबाचे २,००० रथ व १०,००० पायदळ होते, अशी नोंद आहे. आकड्यांविषयी विद्वानांत वाद आहे. पण राजा बलाढ्य होता, यात शंका नाही. त्याची राणी ईजबेल सीदोनच्या राजाची कन्या. तिच्या माहेरचा देव बआल, पावसाचा व वादळाचा धनी. तेव्हा एलीया संदेष्टा राजासमोर उभा राहिला आणि म्हणाला, यापुढे दव पडणार नाही की पाऊस पडणार नाही.

एलीया करीथ ओहोळाकाठी लपला. तेथे कावळे त्याला सकाळ-संध्याकाळ भाकरी व मांस आणून देत. आपल्याकडे पिंडाला कावळा शिवावा म्हणून माणसे ताटकळतात. मोशेच्या नियमशास्त्रात मात्र तो निषिद्ध पक्ष्यांच्या यादीत आहे. देवाने अन्न धाडले ते या अशुद्धाच्या चोचीतून.

ओहोळ आटला. मग आज्ञा झाली, सीदोनच्या मुलखातील सारफथास जा. म्हणजे ज्या राणीपासून लपायचे, तिच्याच माहेरी! वेशीपाशी एक परधर्मी विधवा काटक्या वेचीत होती. तिच्याजवळ मडक्यात मूठभर पीठ आणि कुपीत थोडे तेल. ते भाजून मुलासह खायचे आणि मग मरायचे, एवढाच तिचा बेत. एलीया म्हणतो, आधी माझ्यासाठी लहानशी भाकर कर.

येथे वर्गणीचा डबा घेऊन कारखान्याच्या दाराशी उभे राहिलेल्या आमच्यासारख्यांना ठेच लागते. उपाशी माणसाजवळ शेवटचा घास मागण्याचा अधिकार कोणाला? ग्रंथ पुढे जे सांगतो त्यात आम्हांस उत्तर सापडते. एलीयाने ते पीठ कोठे वाहून नेले नाही. तो तिच्याच घरी राहिला; तो, ती आणि तिचे घरचे त्याच मडक्यातून पुष्कळ दिवस जेवले. मागणारा त्याच मडक्यावर जगणार असेल, तरच त्याने मागावे.

मडके भरून वाहू लागले, असे ग्रंथ म्हणत नाही. ते सरले नाही, एवढेच म्हणतो. रानात इस्राएलांना मिळालेल्या मान्न्याचाही हाच नियम होता. माणशी एक ओमर. जास्त गोळा करणाऱ्याचे उरले नाही, कमी गोळा करणाऱ्यास उणे पडले नाही, आणि सकाळपर्यंत साठविलेल्यात किडे पडले.

आता राजाकडे पाहू. दुष्काळ कळसास पोचला तेव्हा अहाब आपला कारभारी ओबद्या याला घेऊन मुलूख पालथा घालू लागला. कशासाठी? घोडी व खेचरे जगावीत म्हणून गवत शोधण्यासाठी! प्रजेच्या धान्याचा त्या प्रसंगी उल्लेखही नाही. आणि याच ओबद्याने ईजबेलीच्या तावडीतून शंभर संदेष्टे वाचवून, पन्नास-पन्नास करून गुहांत लपविले होते. त्यांना तो भाकर-पाणी पुरवीत होता. कावळा, परक्या मुलखातली विधवा आणि खुद्द राजवाड्यातला नोकर, या तिघांच्या हातून अन्न आले. रथांच्या धन्याकडून आले नाही.

हा एलीया आपल्या कोकणातही परका नाही. पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे बेने इस्राएल, ज्यांना गावकरी ‘शनिवार तेली’ म्हणत, ते त्याला एलियाहू हन्नबी म्हणतात आणि त्याच्या नावाने मलिदा करतात. त्यात गोड पोहे, खोबरे व फळे असतात आणि ताट जमलेल्या सर्वांत वाटले जाते.