गाडीचं वय आणि सभासदाचं वय

जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने मोटारींवर बोलावं, हे थोडं विचित्र वाटेल. पण आज आम्हांला बोलायचं आहे ते मोटारींभोवती जमणाऱ्या माणसांविषयी. इंग्लंडमध्ये जुन्या स्पोर्ट्स कारच्या क्लबाचा मेळावा भरला की टोपीखाली बहुतेक पांढरेच केस दिसतात. पाहणारा म्हणतो, हा तर निवृत्तांचा छंद! आमचा प्रश्न असा, की हे पहिल्यापासून असंच होतं का? आणि नसेल, तर हे क्लब म्हातारे झाले कसे?

१९३० सालापासून सुरुवात करू. एम.जी. कंपनीने नुकतीच 'मिजेट' ही चिमुकली गाडी बाजारात आणली होती. इंजिन ८४७ सी.सी.चं, किंमत १७५ पौंड. ही रक्कम कामगाराच्या आवाक्यातली नव्हती. पण नोकरीला लागलेल्या मध्यमवर्गीय तरुणाला ती गाठता येण्यासारखी होती. अशाच गाडीमालकांनी ऑक्टोबर १९३० मध्ये एकत्र येऊन एम.जी. कार क्लब काढला. चिटणीस झाला जॉन थॉर्नली. वय वर्षं एकवीस, हिशेबनिशीचं शिक्षण घेणारा मुलगा. पुढच्याच वर्षी तो एम.जी.त नोकरीला लागला आणि १९५२ साली त्या कंपनीचा प्रमुख झाला. क्लबातून कारखान्यात, अशी ही वाट.

चार वर्षांनी, १९३४ मध्ये, 'व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब' निघाला. आज 'व्हिंटेज' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर राजेरजवाडे येतात. हा क्लब मात्र फारसे पैसे नसलेल्यांचा होता. नव्या गाड्यांपेक्षा १९२० च्या दशकातल्या गाड्या अधिक कसदार, असं या मंडळींचं मत. शिवाय त्या वापरलेल्या, म्हणून स्वस्त. आवड आणि खिसा, दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवत होते. या क्लबाने व्हिंटेजची रेघ ओढली ती ३१ डिसेंबर १९३० या तारखेवर. त्याआधी तयार झालेली गाडी ती व्हिंटेज. पुढे तिसाव्या दशकातल्या काही निवडक गाड्यांनाही प्रवेश मिळाला, पण मूळ रेघ हलली नाही.

आता साधं गणित करू. क्लब निघाला तेव्हा १९३० ची गाडी चार वर्षांची होती. आज ती नव्वदी ओलांडून पुढे गेली आहे. नियमातला एक शब्दही बदलला नाही, तरी नियमाचा अर्थ पार उलटला! तेव्हा त्या रेघेच्या आत स्वस्त गाड्या होत्या, आज दुर्मीळ वस्तू आहेत. त्या काळातल्या बुगाटीच्या अस्सल शर्यती गाडीला आज कोट्यवधी रुपये मोजावे लागतात. दार तेवढंच उघडं आहे, पण उंबरठा केवढा वाढला पाहा.

अमेरिकेतही आरंभ तरुणांनीच केला. 'स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका' १९४४ मध्ये बोस्टनच्या परिसरात निघाला. त्याचा एक सभासद कॅमेरॉन अर्गेटसिंगर, कॉर्नेल विद्यापीठातला कायद्याचा विद्यार्थी. त्याच्या पुढाकाराने २ ऑक्टोबर १९४८ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेन गावाच्या रस्त्यांवर शर्यत झाली. सत्तावीस वर्षांचा हा विद्यार्थी स्वतःही आपली एम.जी. टी.सी. घेऊन शर्यतीत उतरला होता. विशी-तिशीतली पोरं आसपासच्या प्रौढांना पटवून असा उद्योग उभा करतात, तेव्हा क्लब जिवंत असतो.

मग झालं काय? नेहमीचं उत्तर असं, की म्हाताऱ्यांकडे पैसा आणि वेळ असतो, म्हणून छंद त्यांचा. हे खोटं नाही, पण अपुरं आहे. माणूस बहुधा त्याच गाडीच्या मागे जातो, जी त्याने कोवळ्या वयात रस्त्यावर पाहिली आणि जी तेव्हा त्याला परवडली नाही. एम.जी.बी. ही गाडी १९६२ ते १९८० या काळात तयार झाली. १९६५ साली विशीतल्या ज्या मुलाचा तिच्यावर जीव जडला, तो आज ऐंशीच्या घरात आहे. क्लब गाडीला बांधलेला, गाडी तारखेला बांधलेली, आणि सभासद आपल्या तारुण्याला. तिघं एकत्रच म्हातारे होतात.

ॲरिस्टॉटलने 'वक्तृत्वशास्त्र' या ग्रंथात वयांचे स्वभाव सांगितले आहेत. तरुण आशेवर जगतो, वृद्ध स्मरणावर, असा त्याचा आशय. हे आपल्या विषयाला लावून पाहा. १९३० च्या थॉर्नलीला मिजेट म्हणजे उद्याची गोष्ट होती. आज तीच गाडी पुसून-चकाकवून मांडणाऱ्याला ती कालची आहे. वस्तू एकच, पण एकाच्या दृष्टीने ती आशा, दुसऱ्याच्या दृष्टीने आठवण. क्लबात या दोघांची गाठ पडली तरच काही घडतं.

असं घडवणारा एक क्लब आहे, त्याचं नाव '७५० मोटर क्लब'. स्थापना १९३९. ऑस्टिन सेव्हन ही त्या काळातली गरिबांची गाडी. जुनी सेव्हन घ्यायची, तिचा सांगाडा ठेवायचा, बाकी आपल्या हाताने बांधायचं आणि शर्यतीत उतरायचं, असा युद्धानंतर या क्लबाचा परिपाठ झाला. कॉलिन चॅपमन नावाचा तेवीस वर्षांचा इंजिनिअर १९५१ साली अशी गाडी घेऊन आला आणि त्याने इंजिनात हवा खेचण्याच्या मार्गात अशी युक्ती केली, की इतरांची डाळ शिजेना. शेवटी ती युक्ती नियमाने बंद करावी लागली! हाच चॅपमन लोटस कंपनीचा संस्थापक. फॉर्म्युला वनमध्ये लोटसने उत्पादकांचं विजेतेपद सात वेळा मिळवलं.

पण आमचा मुद्दा पुढचा आहे. ऑस्टिनची इंजिनं दुर्मीळ झाली, तेव्हा या क्लबाने काय केलं? आधी रिलायंटचं इंजिन चालवून घेतलं, नंतर फियाटचं. म्हणजे त्यांनी तारीख सांभाळली नाही, रीत सांभाळली. थोड्या पैशांत, आपल्या हाताने, आपल्या डोक्याने, ही ती रीत. विशीतला मुलगा आजही त्या दारातून आत येऊ शकतो.

याचा अर्थ तारखेची रेघ ओढणारे चुकले, असं आम्ही म्हणत नाही. १९३० ची रेघ पुसली तर व्हिंटेज क्लब व्हिंटेज राहणार नाही. जतन करायचं तर मर्यादा घालावीच लागते. मग अशा क्लबात तरुण येणार कसा? तर त्याच्याच एका प्रथेत उत्तर सापडतं. चिखलाच्या चढांवर गाड्या चढवण्याच्या स्पर्धा असतात, त्यात शेजारी बसलेला माणूस बसल्या जागी उड्या मारतो, म्हणजे मागच्या चाकांवर भार पडून चाकांची पकड बसते. स्वतःची गाडी नसलेल्या पोरालाही इथे काम आहे. उड्या मारता मारता तो ऐकायला शिकतो: इंजिन कधी गुदमरतं, गिअर कधी टाकायचा. सिंक्रोमेश नसलेल्या गिअरबॉक्समध्ये दोनदा क्लच दाबून वेग जुळवावा लागतो. पुस्तक वाचून हे हाताला येत नाही. ते शेजारी बसूनच यावं लागतं.

इथे खरं पणाला लागलंय ते हेच, बरं का. गाडी संग्रहालयात शंभर वर्षं टिकेल. पण मॅग्नेटोचा टायमिंग लावणारा हात, बेअरिंगमध्ये व्हाइट मेटल ओतणारा हात एका पिढीत नाहीसा होऊ शकतो. मग ती गाडी उरेल, चालणार मात्र नाही. म्हणून वयातलं अंतर हा या क्लबांचा दोष नव्हे, ते त्यांचं भांडवल आहे. सत्तर आणि वीस यांच्यात देण्याघेण्यासारखं जेवढं असतं, तेवढं सत्तर आणि सत्तर यांच्यात नसतं. अट एवढीच, की सत्तरीच्या माणसाने विशीतल्याला नुसतं प्रेक्षक म्हणून बोलावू नये.

श्रोतेहो, या सभागृहातली डोकी पाहिली तर हा विषय केवळ इंग्लंडचा नाही, हे आपल्या लक्षात येईल. आपली ग्रंथालयं, भजनी मंडळं, व्याख्यानमाला यांची सुरुवातही पुष्कळदा तरुणांनीच केली होती. आज तरुण येत नाहीत, अशी तक्रार आपण सगळेच करतो. तक्रार करण्याआधी एक विचारून पाहू: आपण त्यांना शेजारची जागा दिली आहे, की मागची खुर्ची? आणि शेजारी बसवलं असेल, तर सुकाणू त्यांच्या हाती कधी देणार, तेही ठरवायला हवं. थॉर्नलीला चिटणीस केलं तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता.